तेमारीची सनद

भाताच्या तुसांचा वा चिंध्यांचा गाभा दोऱ्याने गुंडाळून त्यावर रंगीत धाग्यांची नक्षी भरलेला चेंडू, म्हणजे तेमारी, ही जपानी कला पूर्वी घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रियांकडून मुलींकडे येई. आता मात्र जपान तेमारी संघ उमेदवारांच्या चेंडूंची तपासणी करून, पायरीपायरीने, तिची रीतसर सनद देतो. खरी कसोटी, आमच्या मते, रंगसंगतीची नसून विभागणीची आहे: कागदाची पट्टी चेंडूभोवती फिरवून, टाचण्या टोचून ध्रुव नि विषुववृत्त ठरवावे लागतात, आणि पृष्ठभागावर 12 समान पंचकोन साधावयाचे असल्यास प्रारंभीची केसभर चूकही अखेरच्या टाक्यात उघडी पडते. सनदेच्या पायऱ्यांपैकी शिहान म्हणजे शिक्षक, त्यावर क्योजू, म्हणजे प्राध्यापक. ही सनद परदेशी उमेदवारांनीही मिळविली आहे.