मेणाचा पातळ अंगरखा

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. बाबांची मोटारसायकल, दादाचे शाळेचे बूट, दुकानातल्या बरणीतली चकचकीत गोळी आणि आपल्या वरूडचं संत्रं, या चौघांत सारखं काय?

विचार करा. चकाकी? बरोबर, पण अर्धंच! ही चकाकी येते कुठून, ते सांगा. हरलात? तर ऐका, उत्तर आहे मेण!

वरूड, मोर्शी, शेंदूरजना घाट हा सगळा संत्र्याचा मुलूख. आंबिया बहाराची फळं दिवाळीच्या आगेमागे उतरतात आणि मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चमध्ये. ट्रकात बसून ती दूरदूरच्या मंडीत जातात. पण संत्र्याच्या अंगात पाणी फार. झाडावरून तोडलं की ते पाणी सालीतून हळूहळू उडायला लागतं. साल सुरकुतते, वजन घटतं आणि भाव पडतो. वर्षभर राबलेल्या शेतकऱ्याचा पैसाच असा हवेत उडून जातो म्हणा ना!

निसर्गानं यावर उपाय केलेला असतो. संत्र्याच्या सालीवर जन्मापासूनच मेणाचा एक पातळ थर असतो. मात्र फळं धुताना, घासताना तो थोडा निघून जातो. म्हणून आपल्याकडच्या वॅक्सिंगच्या केंद्रात फळं आधी धुतात, ब्रशवरून फिरवतात, कोरडी करतात, मग त्यांच्यावर मेणाचा बारीक फवारा मारतात. गरम हवेत ती वाळली की लहान-मोठी अशी प्रतवारी होते आणि ती पेटीत बसतात.

आमच्या वर्गातल्या एका मुलानं एकदा विचारलं, "मॅडम, संत्र्याले मेन लावतेत म्हनते. मंग ते पोटात जाईन ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्या देशात ताज्या फळांना मधमाशीचं मेण, कार्नोबा मेण किंवा शेलॅक म्हणजे लाखेपासून केलेलं मेण लावायला कायद्यानं परवानगी आहे. ते बेताचंच लावायचं आणि लावलं असं लेबलवर सांगायचं, ही अट. शिवाय संत्र्याची साल आपण सोलून टाकतो. सफरचंद सालीसकट खातो, ते मात्र स्वच्छ धुऊन, चोळून खावं. दुसरं मेण, रंग किंवा तेल फळाला चोळणं ही निव्वळ फसवणूक.

आता या तीन नावांतलं मधलं नाव लक्षात ठेवा, कार्नोबा. ब्राझील देशाच्या ईशान्य भागात कडक उन्हाचा, कोरडा प्रदेश आहे. तिथे या नावाचा एक ताड वाढतो. आपल्या अंगातलं पाणी उडून जाऊ नये म्हणून तो पानांवर मेण चढवतो. लोक ती पानं तोडून वाळवतात, झोडपतात आणि झडलेली मेणाची भुकटी वितळवून गाळून घेतात. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं, कार्नोबाला मात्र ८० अंशांच्याही पुढं जावं लागतं. असं टणक मेण! म्हणूनच ते गोळ्यांवर, बुटाच्या पॉलिशमध्ये आणि मोटारीच्या मेणातही वापरतात.

पण थांबा! गाडीच्या डबीत नुसतं मेण नसतं, त्यात खनिज तेलासारखे द्रव आणि इतर रसायनं मिसळलेली असतात. ती डबी खाण्याच्या वस्तूपासून आणि लहान भावंडांपासून दूरच ठेवायची. मेण एका जातीचं असलं तरी डबी एक नव्हे, बरं का!

आता वळू या गाडीकडे. आपल्याकडचं वैशाखातलं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी उभ्या गाडीच्या टाकीवर हात ठेववत नाही. हे ऊन रंगाला हळूहळू फिका करतं. पाखराची विष्ठा पडून राहिली तर रंगावर कायमचा डाग उठतो. बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरे ठिपके उरतात. मेणाचा थर या सगळ्यांचा पहिला मार स्वतः खातो. नवी गाडी घेताना घरानं किती दिवस पैसे साठवले, हे आईला विचारा, म्हणजे या अंगरख्याचं मोल कळेल.

मग दुकानात गेल्यावर डबी कोणती निवडायची? आधी एक फरक समजून घ्या. पॉलिशमध्ये बारीक खरवडणारी पूड असते. ती रंगाचा अगदी पातळ थर काढून ओरखडे पुसते. रबिंग कंपाउंड तर त्याहून खरबरीत. गाडीच्या रंगावरचा पारदर्शक थर असतो माणसाच्या केसापेक्षाही पातळ, म्हणून या दोन्ही वस्तू सारख्या सारख्या लावायच्या नाहीत. मेण मात्र काही काढत नाही, वर पांघरूण घालतं.

पांघरुणाचे प्रकार तीन. कार्नोबाची छान, खोल चकाकी येते, पण ती आपल्या उन्हात महिना-दोन महिनेच टिकते. दुसरं सीलंट, म्हणजे कारखान्यात तयार केलेलं कृत्रिम मेण. चकाकी जराशी वेगळी, पण ते साधारण चार-सहा महिने काम देतं. तिसरं सिरॅमिक कोटिंग. ते वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकतं, पण महाग असतं आणि लावायला सराईत हात लागतो. अगदी सोपा म्हणजे फवारा मारून पुसायचा स्प्रे, पण तो लवकर उतरतो. तेव्हा घरच्या घरी, कमी कष्टात आणि जास्त दिवस असं तिन्ही हवं असेल, तर पातळ सीलंट घ्या. वर्षातून दोनदा, एकदा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि एकदा दिवाळीला, लावलं की झालं.

लावायची रीतही सोपी आहे. गाडी आधी धुऊन पूर्ण कोरडी करा. सकाळी किंवा संध्याकाळी, सावलीत, पत्रा गार असतानाच काम करा. अगदी पातळ थर द्या आणि डबीवर लिहिलं असेल तितका वेळ वाळू द्या. मग मऊ मायक्रोफायबरच्या फडक्यानं पुसून घ्या. जाड थर दिला म्हणून जास्त टिकत नाही, उलट पुसता पुसता हात दुखतात. संत्र्याचंही असंच आहे! मेणाचा थर जाड झाला तर फळाला श्वास घेता येत नाही आणि त्याची चव बिघडते.

एक गोष्ट कधीच विसरू नका. सीट, पायदान, टायर आणि ब्रेकची चकती यांना मेण किंवा पॉलिश अजिबात लावायचं नाही. सीटवरून माणूस घसरेल आणि ब्रेक लागणार नाही. चमकण्यापेक्षा जीव मोठा!

आणि पाणी? वरूड-मोर्शीत बागांसाठी जमिनीतलं पाणी इतकं उपसलं गेलं आहे, की विहिरी आणि बोअर खोल खोल जात राहिले. अशा गावात पाइप सोडून गाडी धुणं शोभत नाही. मेण लावलेल्या गाडीवर चिखल घट्ट चिकटत नाही, बादलीभर पाण्यात काम भागतं. भांड्यांचा साबण मात्र नको, तो मेणही धुऊन नेतो. गाडीचा सौम्य शाम्पू बरा.

मेण संपलं हे कसं ओळखायचं? गाडीवर ओंजळभर पाणी टाका. गोल गोल थेंब झाले तर अंगरखा शाबूत आहे. पाणी सपाट पसरलं तर तो विरला.

हेच तुम्हाला गाडीशिवायही पाहता येईल. 'अळवावरचं पाणी' म्हणतो ना आपण? परसातलं अळूचं एक पान आणा. त्यावर थेंब टाका, मोत्यासारखा पळेल. आता पानाचा एक कोपरा साबणाच्या बोळ्यानं हलकेच चोळून धुवा आणि तिथं पुन्हा थेंब टाका. काय फरक दिसतो, तो वहीत लिहा आणि सोमवारी वर्गात सगळ्यांना दाखवा.