परदेशातील नोकरी आणि व्हिसा : निघण्यापूर्वी समजून घ्यावयाच्या गोष्टी

आपल्या समाजातील पहिली पिढी गिरणीत, गोदीत, रेल्वेत आणि नगरपालिकेत स्थिरावली. दुसरी पिढी शिकून कचेऱ्यांत आली. आज तिसरी पिढी आखाती देशांकडे, जपान-जर्मनीकडे पाहू लागली आहे. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु परदेशी जाण्याच्या उत्साहात कागद न वाचता सही करणे आणि पावती न घेता पैसे देणे हे प्रकार आजही सर्रास घडतात. आम्ही बँकेत काम करतो. दागिने तारण ठेवून एजंटासाठी रोकड नेणारे आईबाप आमच्या काउंटरवर येतात, आणि काही महिन्यांनी त्याच दागिन्यांचे व्याज भरतानाही तेच दिसतात. म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी हा विषय येथे थोडक्यात मांडत आहोत.

पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्ट आपले सरकार देते. तो आपल्या नागरिकत्वाचा पुरावा होय. व्हिसा ज्या देशात जायचे ते सरकार देते. ती त्या देशात विशिष्ट कामासाठी, विशिष्ट मुदतीपर्यंत राहण्याची परवानगी होय. पर्यटनाच्या किंवा भेटीच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. "आधी व्हिजिटवर चल, तिथे गेल्यावर बदलून देतो" असे जो एजंट सांगतो, तो धोका आपल्या माथी मारत असतो. नोकरीच्या व्हिसाची सुरुवात आपल्याकडून होत नाही, मालकाकडून होते. मालक आपल्या सरकारकडून परवाना काढतो आणि मग व्हिसा मिळतो. म्हणून मालकाचे नावच जिथे सांगितले जात नाही, तिथे व्हिसाही नाही असे समजावे.

ई.सी.आर. म्हणजे काय?

परदेशात कामासाठी जाणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आपल्याकडे १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या व्यक्तीच्या पासपोर्टवर सामान्यतः 'ई.सी.आर.' असा शेरा असतो. अशा व्यक्तीला सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती, कुवेत, कतार, ओमान, बहारीन, मलेशिया आदी ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी लागते. हे कार्यालय मुंबईतही आहे, आणि अर्ज सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संगणकीय व्यवस्थेतून होतो. दहावीचे प्रमाणपत्र, दोन वर्षांचा मान्यताप्राप्त आय.टी.आय. अभ्यासक्रम किंवा आयकर भरल्याचा पुरावा असल्यास हा शेरा लागत नाही.

पुष्कळांना हा शेरा कमीपणाचा वाटतो. वास्तविक पाहता ती ढाल आहे. मंजुरी देताना मालक, पगार आणि करारपत्र तपासले जाते. ई.सी.आर. पासपोर्ट असलेल्या स्त्रीला या देशांत कामासाठी जाण्यास किमान ३० वर्षे वयाची अट आहे, तीही घरकामाच्या नावाखाली होणारी फसवणूक रोखण्यासाठीच. ई.सी.आर. असलेल्या माणसाला पर्यटक म्हणून पाठवणारा एजंट ही ढालच काढून घेतो. आणि दहावी झालेल्या तरुणाने हे लक्षात ठेवावे की त्याला मंजुरी लागत नाही, याचा अर्थ त्याचे करारपत्र सरकारने तपासलेले नाही. ते त्याने स्वतः तपासले पाहिजे.

एजंट आणि खर्च

नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी भरती करणे हा या कायद्यान्वये गुन्हा असून त्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. नोंदणीकृत एजंटांची यादी ई-मायग्रेटवर कोणालाही पाहता येते. गावात फिरणारा, "मी अमुक कंपनीचा माणूस" म्हणणारा मध्यस्थ त्या यादीत नसतो. एजंटाने घ्यावयाच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा २०१७ पासून ३०,००० रुपये असून त्यावर १८ टक्के जी.एस.टी. लागतो, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये. त्याची पावती देणे एजंटावर बंधनकारक आहे. रक्कम रोख न देता बँकेमार्फतच द्यावी. पुढे तक्रार करावयाची झाल्यास तोच पुरावा उभा राहतो.

आता हिशेब पाहू. कोणी दीड लाख रुपये मागितले आणि ते सावकाराकडून शेकडा तीन दराने काढले, तर दरमहा ४,५०० रुपये नुसते व्याज होते. दोन वर्षांत ते १,०८,००० रुपये होते आणि मुद्दल जागच्या जागी राहते. असा मुलगा तिकडे मालकाने कितीही छळले तरी परत येऊ शकत नाही. त्याला बांधून ठेवतो तो व्हिसा नव्हे, घरचे कर्ज होय.

करारपत्र कसे वाचावे?

उदाहरणादाखल दुबई ज्या संयुक्त अरब अमिरातीत आहे तेथील कायदा घेऊ. तेथे नोकरीचा प्रस्ताव ठरावीक सरकारी नमुन्यात दिला जातो. तो अरबी व इंग्रजीसोबत हिंदीतही मिळू शकतो; मराठीत मिळत नाही. सही करण्यापूर्वी तो मागून घ्यावा आणि पुढील बाबी पाहाव्यात :

१) मूळ पगार : एजंट एकूण आकडा सांगतो. परंतु ओव्हरटाइम आणि नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ पगारावर ठरते. तेथे पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा मूळ पगार ग्रॅच्युइटी म्हणून मिळतो. १,५०० दिरहॅमपैकी मूळ पगार ८०० असेल तर पाच वर्षांचे २,८०० दिरहॅम होतात. मूळ पगारच १,५०० असेल तर ५,२५० होतात. एका ओळीने एवढा फरक पडतो.

२) कामाचे तास : दिवसाला ८, आठवड्याला ४८. त्यापुढील कामाला किमान २५ टक्के जादा दर.

३) परीक्षणकाळ : सहा महिन्यांहून अधिक नसावा.

४) भरतीचा खर्च : २०२२ पासून लागू झालेल्या तेथील कामगार कायद्यानुसार मालकाने तो कामगाराकडून वसूल करता येत नाही.

५) पासपोर्ट : तो कामगाराजवळच राहिला पाहिजे. मालकाने ठेवून घेणे तेथेही बेकायदेशीर आहे.

करारपत्राच्या प्रती दोन काढाव्यात, एक घरी ठेवावी.

विमा आणि बँक

ई.सी.आर. पासपोर्टधारकास 'प्रवासी भारतीय विमा योजना' सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये अधिक कर एवढ्या हप्त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास १० लाख रुपयांचे संरक्षण मिळते. पॉलिसीची प्रत घरच्यांकडे नसेल तर हा विमा असून नसल्यासारखा होतो.

नोकरीसाठी परदेशी गेल्यावर आपले साधे बचत खाते तसेच चालू ठेवता येत नाही. ते बँकेला कळवून एन.आर.ओ. करून घ्यावे आणि तिकडचा पगार पाठवण्यासाठी एन.आर.ई. खाते उघडावे. एन.आर.ई. खात्यावरील व्याजास भारतात आयकर लागत नाही. त्यात पत्नी, आई किंवा वडील यांना 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' पद्धतीने सहखातेदार करता येते. हे काम निघण्यापूर्वी केल्यास घरच्यांना पैशासाठी भावकीच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

नवा धोका

अलीकडे फसवणुकीने सुशिक्षितांकडे मोर्चा वळवला आहे. थायलंडमध्ये 'डेटा एंट्री' किंवा 'डिजिटल मार्केटिंग'ची नोकरी म्हणून संगणक येणाऱ्या तरुणांना नेले जाते आणि तेथून सीमा ओलांडून म्यानमारमधील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले जाते. मार्च २०२५ मध्ये अशा पाचशेहून अधिक भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी थायलंडमधील मे सोत येथून परत आणावे लागले. बुद्धाचा देश म्हणून थायलंड आपल्याला जवळचा वाटतो, तीर्थयात्रेला आपण जातोही. परंतु यात्रेकरूचा प्रवेश आणि नोकरीचा परवाना या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिवाय, दुसऱ्याला लुबाडण्याचे काम कितीही पगाराचे असले तरी ती सम्यक आजीविका नव्हे.

अडचण आल्यास

परदेशात असताना आपल्या दूतावासाकडे आणि सरकारच्या 'मदद' या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते. जाण्यापूर्वी शंका असल्यास प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राच्या १८००-११-३०९० या निःशुल्क क्रमांकावर विचारता येते. दूतावासाचा क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा. मोबाइल हातातून काढून घेतला जाऊ शकतो.

कालामांना भगवान बुद्धांनी जी शिकवण दिली तिचा आशय असा, की केवळ कोणी सांगितले म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून ते मानू नये. स्वतः पारखून पाहावे. व्हिसाच्या कामी याहून चांगला सल्ला नाही. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कामगाराचे हक्क कायद्यात आणण्यासाठी कष्ट घेतले. ते हक्क कागदावरच असतात, म्हणून कागद वाचता आला पाहिजे. आमची सूचना अशी, की आपल्या विहारात महिन्यातून एका रविवारी शिकलेल्या मुलामुलींनी बसावे आणि परदेशी निघालेल्यांची करारपत्रे त्यांना मराठीत समजावून सांगावीत. एवढ्याने अनेक घरांतील दागिने घरातच राहतील.

जयभीम ! नमो बुद्धाय !