पाणी न लागणारे औषध

तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीलाच भरपूर खाऊ घालणे जिवावर बेतू शकते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरात हृदय, यकृत, मूत्रपिंड सगळ्यांनी आपला पसारा आवरता घेतलेला असतो. त्यात एकदम पौष्टिक अन्न पडले, की रक्तातले पोटॅशियम आणि फॉस्फेट पेशींत ओढले जाते, रक्तात त्यांची पातळी झपाट्याने घसरते आणि हृदयाला ते झेपत नाही. म्हणून दवाखान्यात सुरुवात होते ती एफ-75 या दुधाने: 100 मिलिलिटरला 75 किलोकॅलरी, दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. लोह आधी देतच नाहीत. अँटिबायोटिक मात्र ताप नसला तरी देतात, कारण जंतुसंसर्ग असूनही ताप यावा एवढे बळ या मुलांच्या अंगात नसते. भूक परतली, सूज उतरू लागली, की मग घट्टसर एफ-100.

या दुधांनी 1990 च्या दशकात असंख्य मुले वाचवली. अडचण होती ती पाण्याची. भुकटी पाण्यात कालवायची, पाणी गढूळ, आणि कालवलेल्या दुधात काही तासांत जंतू माजतात. त्यामुळे मूल आठवडेच्या आठवडे केंद्रात, आईही तिथेच, आणि घरी बाकीची पोरे व शेत वाऱ्यावर. पेरणीच्या दिवसांत आया मूल उचलून निघून जात. त्यांना अडाणी म्हणणे सोपे होते.

फ्रेंच बालपोषणतज्ज्ञ आंद्रे ब्रिआँ आणि न्यूट्रिसेट कंपनीचे मिशेल लेस्कान यांनी यावर काढलेला तोडगा ऐकायला फारच साधा वाटतो. एफ-100 मधल्या दूधभुकटीचा काही भाग काढून त्याजागी शेंगदाण्याचे वाटण घालायचे. त्यात साखर, तेल, जीवनसत्त्वे, क्षार. पाणी नाहीच, म्हणून जंतू वाढत नाहीत. शिजवणे नको, भांडे नको. पाकिटाचा कोपरा फाडला की मूल चोखून खाते. प्लंपीनट या नावाने आलेल्या या पेस्टच्या 92 ग्रॅमच्या एका पाकिटात 500 किलोकॅलरी.

आपल्याकडे यावर हमखास विचारतात, की मग शेंगदाण्याचा लाडू काय वाईट? वाईट काहीच नाही. पण मूळ सूत्रात निम्मी प्रथिने दुधाची असतात, पोटॅशियम, मॅग्नेशियम, जस्त मोजून घातलेले असते, आणि शेंगदाण्यातले बुरशीचे विष मर्यादेत आहे का, हे तपासावे लागते. लाडू हा खाऊ आहे; हे औषध आहे.

तरीही खरा बदल, माझ्या मते, पाकिटात नव्हता. तो स्टीव्ह कॉलिन्स यांच्यासारख्या डॉक्टरांनी 2000 नंतर इथिओपिया आणि मलावीत राबवलेल्या पद्धतीत होता. मुलासमोर पाकीट धरायचे. आवडीने खाल्ले आणि दुसरा आजार नसेल, तर आठवड्याची पाकिटे देऊन घरी पाठवायचे. तोंड फिरवले तर दवाखाना. भूक हीच चाचणी! 2005 मध्ये नायजरमध्ये ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने 60,000 हून अधिक तीव्र कुपोषित मुलांवर उपचार केले, त्यातले बहुतेक घरीच. एवढ्यांना पुरतील इतक्या खाटा त्या देशात कुठून येणार होत्या? 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी संयुक्त निवेदनाने ही पद्धत उचलून धरली.

भारतात गाडी अडली. 2009 मध्ये सरकारने युनिसेफला आयात केलेली पाकिटे परत न्यायला लावली. बाहेरच्या कंपनीच्या हाती मुलांचे ताट जाईल, ही भीती निराधार नव्हती. पण त्या वादात आजारी मूल आणि नुसते किडकिडीत मूल यांतला फरक पुसला गेला. 2016 मध्ये दिल्ली, राजस्थान आणि तमिळनाडूतल्या मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. स्थानिक पातळीवर तयार केलेल्या अशाच पेस्टने सुमारे 57 टक्के मुले बरी झाली, घरगुती पद्धतीच्या वाढीव आहाराने 43 टक्के. पेस्टवाल्यांनी पहिला आकडा मिरवला, विरोधकांनी दोन आकड्यांतल्या फरकाचा तोकडेपणा. दोघांनीही ज्याकडे थोडे दुर्लक्ष केले ते हे: उपचार थांबल्यावर काही आठवड्यांतच बरी झालेली बरीच मुले पुन्हा घसरली.

महाराष्ट्राने मधली वाट धरली. मेळघाट, नंदुरबारसारख्या भागांत अंगणवाडी ताई दंडाचा घेर मोजतात, 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला की मूल ‘सॅम’, म्हणजे तीव्र कुपोषित. गुंतागुंत असेल तर पोषण पुनर्वसन केंद्र, नसेल तर गावातच ग्राम बाल विकास केंद्र, म्हणजे व्हीसीडीसी. सायन रुग्णालयाच्या धारावीतल्या केंद्रात तर अशी पेस्ट मुंबईतच बनवली गेली. आराखडा कागदावर चांगला आहे. पण मेळघाटातली कोरकू कुटुंबे कामासाठी गाव सोडतात ती होळीला परततात, आणि उपचार चालतो आठवडेच्या आठवडे. स्थलांतरित मुलांचा माग ठेवायला राज्याने संगणकीय प्रणाली केली आहे. मात्र उपचार मध्येच सोडून गेलेल्या मुलाचे पुढचे वजन घ्यायचे तर ते ज्या गावात उतरले, तिथल्या अंगणवाडीत त्याचे नाव कुणीतरी घालावे लागते.