तटस्थ, अलिप्त की त्रयस्थ? ‘मध्ये न पडण्या’चे शब्द अनेक, पण अर्थ एकच नाही, समजून घ्या फरक

30 नोव्हेंबर 2019. महाराष्ट्र विधानसभेत उद्धव ठाकरे सरकारचा विश्वासदर्शक ठराव. बाजूने 169 मते, विरोधात शून्य. भाजपच्या आमदारांनी सभात्याग केला, तर एमआयएमचे दोन, माकपचा एक आणि मनसेचा एक असे चार आमदार सभागृहात बसून राहिले, पण त्यांनी कोणालाच मत दिले नाही. बातम्यांत त्यांच्यासाठी एकच शब्द होता : तटस्थ.

हाच शब्द आपण सोसायटीच्या सभेत हात वर न करणाऱ्यासाठी वापरतो, भावांच्या भांडणात गप्प बसणाऱ्या नातेवाइकासाठी वापरतो आणि दोन देशांच्या युद्धातही वापरतो. पण मराठीत बाजू न घेण्यासाठी किमान पाच-सहा वेगळे शब्द आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा आहे.

तटस्थ : काठावर उभा असलेला

तट म्हणजे काठ, स्थ म्हणजे उभा असलेला. नदीत काय चालले आहे ते तटस्थाला दिसते, पण तो पाण्यात उतरत नाही. मात्र त्याच्या न उतरण्याचाही परिणाम होतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद 189 नुसार विधिमंडळातील निर्णय साधारणपणे ‘उपस्थित राहून मतदान करणाऱ्यां’च्या बहुमताने होतो. मत न देणारे या हिशेबातून वजा होतात आणि बहुमतासाठी लागणारा आकडा खाली येतो. म्हणजे तटस्थ राहूनही कोणाला तरी मदत होऊ शकते.

अलिप्त : लिंपला न गेलेला

लिप्त म्हणजे माखलेला. अलिप्त माणसाच्या अंगाला काही चिकटत नाही. शीतयुद्धाच्या काळात अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्या गटांबाहेर राहणाऱ्या देशांच्या चळवळीला मराठीत ‘अलिप्ततावादी चळवळ’ हे नाव रूढ झाले. तिची पहिली शिखर परिषद 1961 मध्ये बेलग्रेडला झाली.

पण अलिप्तता म्हणजे तटस्थता नव्हे, ही भारताची अधिकृत भूमिका होती. स्वातंत्र्य किंवा न्याय धोक्यात असेल तिथे भारत तटस्थ राहणार नाही, असे पंतप्रधान नेहरूंनी 1949 मध्येच अमेरिकी लोकप्रतिनिधींसमोर सांगितले होते. कायमचे कोणाच्या गटात जायचे नाही, पण प्रत्येक प्रश्नावर मत स्वतःचे, असा त्याचा अर्थ.

हा फरक 2 मार्च 2022 रोजी वेगळ्या प्रकारे दिसला. युक्रेनवरील आक्रमणाबद्दल रशियाचा निषेध करणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत 141 विरुद्ध 5 मतांनी मंजूर झाला. 35 देश तटस्थ राहिले आणि त्यात भारत होता. 1815 पासून तटस्थ देश म्हणून मान्यता असलेल्या स्वित्झर्लंडने मात्र ठरावाच्या बाजूने मत दिले. स्वित्झर्लंडची तटस्थता युद्धात न उतरण्याची आहे, मत न देण्याची नाही.

त्रयस्थ, मध्यस्थ आणि निःपक्षपाती

त्रयस्थ म्हणजे तिसरा. वादाशी ज्याचे देणेघेणे नाही असा. मध्यस्थ मात्र दोघांच्या मध्ये उभा राहून बोलणी घडवतो. 2023 च्या मध्यस्थता कायद्यानुसारही मध्यस्थ पक्षकारांवर तोडगा लादू शकत नाही. निकाल द्यायचा असेल तर लवाद किंवा न्यायाधीश लागतो.

न्यायाधीशाने तटस्थ राहून चालत नाही, त्याला कोणाच्या तरी बाजूने निकाल द्यावाच लागतो. त्याने असायचे असते निःपक्षपाती. पात म्हणजे पडणे. एका पक्षाकडे आधीपासून न झुकणे म्हणजे निःपक्षपात. क्रिकेटमधला पंच फलंदाजाला बाद देतो तेव्हा तो तटस्थ नसतो, पण निःपक्षपाती असू शकतो.

घरगुती मराठी काय म्हणते?

बोलीभाषेतले शब्द संस्कृत शब्दांसारखे सौम्य नाहीत. ‘आपण बरे, आपले काम बरे’ आणि ‘कोणाच्या अध्यात ना मध्यात’ ही कौतुकाची वाक्ये. पण तोच माणूस गरजेच्या वेळी गप्प राहिला की तो ‘मूग गिळून बसला’, त्याने ‘बघ्याची भूमिका घेतली’. त्याला काही ‘सोयरसुतक नाही’, असेही म्हणतात. सोयर जन्माचे, सुतक मृत्यूचे; म्हणजे समोरच्याच्या जगण्या-मरण्याशी याचा संबंधच नाही.

‘तळ्यात-मळ्यात’ किंवा ‘कुंपणावर’ असलेला नेता तर तटस्थही नसतो. त्याचे पारडे कुठे झुकवायचे एवढेच ठरायचे असते. उलट बाजूला, न बोलावता मदतीला धावणाऱ्याला ‘नसती उठाठेव’ आणि ‘लष्कराच्या भाकऱ्या’ ऐकाव्या लागतात. या टोमण्यांच्या धाकाने अनेक जण शेजारच्या दारावर थाप मारत नाहीत.

कायदा मात्र स्पष्ट आहे

‘ते त्यांच्या घरातले आहे, आपण कशाला मध्ये पडा’ हे वाक्य तीन ठिकाणी टिकत नाही.

• शेजारी मारहाण : कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, 2005 च्या कलम 4 नुसार हिंसाचार होत असल्याचे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्‌हेतूने माहिती देणाऱ्यावर त्यासाठी कारवाई होत नाही.

• रस्त्यावरचा अपघात : सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा निकाल आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 134ए जखमीला मदत करणाऱ्याला संरक्षण देतात. त्याला नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही.

• मुलांवरील लैंगिक अत्याचार : इथे तटस्थ राहणे हाच गुन्हा आहे. पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 नुसार माहिती असलेल्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास कलम 21 नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ही सक्ती मुलांना लागू नाही.

मोबाइलमध्ये हे क्रमांक असू द्या : तातडीच्या मदतीसाठी 112, महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098.