मालेगावात इलेक्ट्रिक गाडी कोणाला परवडते? छोटा हत्ती, कार आणि ट्रकचा सोपा हिशोब

एमएच-४१ पासिंगची नवी गाडी घ्यायची ठरली की हल्ली चर्चा एका प्रश्नावर अडते. पेट्रोल, डिझेल, सीएनजी की इलेक्ट्रिक? एक जण सांगतो, चालवायला जवळपास फुकट पडते. दुसरा सांगतो, बॅटरी गेली की गाडी भंगारात. तिसऱ्याला काळजी असते की घाटात चार्जिंग संपलं तर काय करायचं.

या तिन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. गोंधळ होतो, कारण बोलणारे वेगवेगळ्या कामाच्या गाड्यांबद्दल बोलत असतात. म्हणून आपण तीन गाड्या वेगळ्या काढून पाहूया.

१. गावातल्या गावात फिरणारा छोटा हत्ती

मालेगाव यंत्रमागांचं शहर आहे. सूत आणायचं, बीम पोहोचवायचे, विणलेलं कापड गोदामात न्यायचं, ही सगळी ने-आण छोट्या टेम्पोंवर चालते. फेऱ्या जवळच्या, रस्ते ठरलेले आणि रात्री गाडी दारात उभी. इलेक्ट्रिक गाडीला असंच काम सोयीचं पडतं.

पण परवडतं का? जून २०२५ मध्ये टाटाने एस प्रो हा छोटा टेम्पो आणला. सुरुवातीची किंमत पेट्रोलला ३.९९ लाख आणि इलेक्ट्रिकला ६.५० लाख रुपये होती. म्हणजे फरक अडीच लाखांचा. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकवर तो आधीपासूनच ५ टक्के होता. त्यामुळे पेट्रोल गाडी स्वस्त झाली आणि दोघींमधला फरक वाढला. हिशोबासाठी तो २ लाख ८० हजार धरू.

आता चालवण्याचा खर्च. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि माल भरून साडेसतराचं अॅव्हरेज धरलं, तर किलोमीटरला ६ रुपये होतात. इलेक्ट्रिक एस प्रोची बॅटरी १४.४ युनिटची आहे. कंपनी १५५ किलोमीटरची रेंज सांगते, आपण माल भरून १०० धरू. चार्जिंगमधली गळती मिळून १६ युनिट आणि युनिटला साडेबारा रुपये धरले, तर १०० किलोमीटरला २०० रुपये, म्हणजे किलोमीटरला २ रुपये.

किलोमीटरमागे ४ रुपये वाचले. २ लाख ८० हजार भरून निघायला ७० हजार किलोमीटर चालावं लागेल. महिन्याला २५ दिवस काम धरलं तर चित्र असं दिसतं:

- रोज ३० किलोमीटर: पावणेआठ वर्षं
- रोज ६० किलोमीटर: जवळपास चार वर्षं
- रोज ८० किलोमीटर: सुमारे तीन वर्षं

यात कर्जाचं व्याज धरलेलं नाही. दुसरीकडे ऑइल, फिल्टर, क्लच यांचा वाचणारा खर्चही धरलेला नाही. पण मुद्दा स्पष्ट होतो. इलेक्ट्रिक गाडी उभी राहिली तर बचत शून्य आणि हप्ता मात्र चालूच. मंदीत माग बंद पडले की टेम्पोच्या फेऱ्याही कमी होतात. म्हणून चांगल्या महिन्याचे किलोमीटर धरून कर्ज काढू नका. वर्षभराची सरासरी धरा.

मागाच्या मीटरवरून चार्जिंग केलं तर?

हा प्रश्न मालेगावात साहजिक आहे. यंत्रमागाला वीज सवलतीच्या दराने मिळते. पण जोडणी ज्या कामासाठी मंजूर आहे, त्याऐवजी दुसऱ्या कामाला वीज वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अनधिकृत वापर ठरू शकतो. त्याची आकारणी दुप्पट दराने होते.

घरच्या मीटरवर स्वतःची गाडी चार्ज करता येते. फक्त युनिट वाढले की वरचा स्लॅब लागतो आणि वर धरलेला साडेबाराचा दर चुकू शकतो. चार्जिंगसाठी वेगळा वीजदर आहे. मार्च २०२० पासून शहरातलं वीज वितरण मालेगाव पॉवर सप्लाय या फ्रँचायझी कंपनीकडे आहे. वेगळं मीटर आणि मंजूर भार याची चौकशी गाडी बुक करण्याआधी तिथे करा.

२. घरची कार

मालेगाव ते नाशिक अंतर शंभर किलोमीटरच्या थोडं वर आहे. दवाखाना, कॉलेज, खरेदी यांसाठी जाऊन-येऊन दोनशेच्या पुढे. वाटेत चांदवडजवळ राहुड घाट. टियागो ईव्ही २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्या मोठ्या बॅटरीची रेंज ३१५ किलोमीटर सांगितली गेली होती. हा आकडा ठरावीक चाचणीतला असतो. एसी, वेग, चढ आणि पाच माणसं मिळून रेंज बरीच घटते. अशा गाडीने नाशिकला जाऊन परत यायचं, तर मध्ये चार्जिंगची सोय धरूनच निघावं.

सवलती कोणत्या? राज्याच्या २०२५ च्या धोरणानुसार इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन करात माफी आहे. दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल कारला हा कर ११ टक्के पडतो, म्हणजे लाखभराची बचत. टोलमाफी मात्र समृद्धी महामार्ग, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर आहे. नाशिकला जाताना लागणारे चांदवड आणि पिंपळगाव बसवंतचे टोलनाके त्यात नाहीत.

रिसेलची भीतीही खरी आहे. जुन्या इलेक्ट्रिक कारचे भाव अजून बसलेले नाहीत. म्हणून वापरलेली गाडी घेताना बॅटरीची उरलेली क्षमता सर्व्हिस सेंटरमधून लेखी घ्या आणि वॉरंटी नव्या मालकाच्या नावे होते का, ते विचारा.

३. लांब पल्ल्याचा ट्रक

कांदा किंवा कापड भरून परराज्यात जाणाऱ्या ट्रकमालकाने सध्या घाई करू नये. बॅटरी जड असते, ती चार्ज व्हायला वेळ लागतो आणि थांबलेला ट्रक कमावत नाही. केंद्राने जुलै २०२५ मध्ये पीएम ई-ड्राइव्ह योजनेत इलेक्ट्रिक ट्रकला जास्तीत जास्त ९.६ लाखांचं अनुदान जाहीर केलं. पण त्यासाठी जुना डिझेल ट्रक भंगारात काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. असे ट्रक आधी बंदरं, सिमेंट आणि पोलाद कारखाने अशा ठरलेल्या, छोट्या मार्गांवर जात आहेत. तिथे ट्रक रोज एकाच जागी परततो आणि चार्जरही तिथेच बसवता येतो.

मग ठरवायचं कसं?

शोरूमला जाण्याआधी एक महिना रोजचं मीटर रीडिंग वहीत लिहा. गाडी रात्री कुठे उभी राहते आणि तिथे कोणतं वीज मीटर आहे, ते पाहा. दोन्ही गाड्यांची आजची ऑन-रोड किंमत घ्या. फरकाला किलोमीटरमागच्या बचतीने भागा. येणारं उत्तर कर्जाच्या मुदतीत बसत असेल तर इलेक्ट्रिकचा विचार जरूर करा. बसत नसेल, तर शेजाऱ्याची गाडी कितीही स्वस्तात धावत असली तरी तुमचं काम सध्या पेट्रोल किंवा सीएनजीचंच आहे.