पुन्हा ग्रॅम स्टेनिंग

माझी मावसबहीण मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. आहे. सदाशिव पेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कल्चरचं टेबल बरीच वर्षं तिच्याकडे होतं. थुंकीच्या, लघवीच्या नमुन्यातून नेमका जंतू हुडकून काढण्यात तिचा हातखंडा. मग नवऱ्याची अमेरिकेतली नोकरी, कॅलिफोर्निया, मुलगी, व्हिसाची वर्षं. एकदा फोनवर म्हणाली, "ताई, ठेवते आता. उद्या मायक्रोची टेस्ट आहे." मला वाटलं, लेकीचा अभ्यास घेतेय. लेक सातवीत. टेस्ट हिचीच होती, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी.

तिला नर्स व्हायचंय. त्यासाठी नर्सिंग कॉलेजात अर्ज करायचा, आणि अर्जाच्या आधीच काही विषय पुरे झालेले असले पाहिजेत. त्यांना प्रीरिक्विझिट म्हणतात. तिच्या तोंडी 'प्रीरेक'. त्यांत मायक्रोबायोलॉजी आहे. तिची पदवी परदेशातली आणि जुनी, म्हणून हा विषय प्रयोगशाळेसकट पुन्हा. जिने उमेदीची वर्षं जंतू ओळखण्यात घातली तिला कुणीतरी बाकावर बसवून जंतू म्हणजे काय ते शिकवतंय, हे काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना. पुढे फ्रीमाँटला तिच्याकडे राहायचा योग आला, तेव्हा मी तिच्यामागोमाग कम्युनिटी कॉलेजात गेले ती मुख्यतः हे बघायला.

लॅबमध्ये बाहेरच्या माणसाला मज्जाव. दाराला उभी अरुंद काच होती, तिथून बघत राहिले. ऑटोक्लेव्ह नुकताच उघडला असावा. अगारचा तो कोंदट, उकडलेला वास कॉरिडॉरपर्यंत आला होता. पूर्वी तिला सिनेमाला न्यायला मी सदाशिव पेठेत जायचे तेव्हा जिन्यातच यायचा, तोच हा. आत ग्रॅम स्टेनिंग चाललं होतं: क्रिस्टल व्हायोलेट, आयोडीन, अल्कोहोल, सॅफ्रानिन. यात खरी मेख अल्कोहोलची. दोन-चार सेकंद जास्त धुतलं की जांभळा राहायला हवा तो जंतूही गुलाबी होतो आणि निदान चुकतं. तिची लॅब पार्टनर, एकोणीस वर्षांची एक फिलिपिनो मुलगी, ओठ हलवून सेकंद मोजत होती. माझी बहीण मोजत नव्हती. स्लाइड तिरकी धरून खाली उतरणाऱ्या थेंबाचा रंग बघत होती, आणि तो निवळला त्या क्षणी तिने पाणी सोडलं. डॅनिश डॉक्टर हान्स ख्रिस्तियान ग्रॅमने ही रीत १८८४ साली प्रसिद्ध केली. तेव्हापासून तिच्यात फारसा फरक पडलेला नाही. माझ्या बहिणीचं ज्ञान मात्र कॉलेजच्या नियमाप्रमाणे सात वर्षांत शिळं झालं.

बाहेर आल्यावर मी हे बोलून दाखवलं. ती हसली. "हात तोच आहे गं, पण पुस्तक बदललंय. आपल्या वेळी औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंवर जेमतेम एक लेक्चर व्हायचं, आता अख्खं प्रकरण आहे." बोटांच्या पेरांवर जांभळे डाग होते. ग्लोव्ह्ज घालूनही कसे पडले कोण जाणे.

तिच्या फ्रिजवर एक तक्ता होता. आडव्या ओळींत कॉलेजं, उभ्या रकान्यांत विषय. आरंभी अकरा कॉलेजं होती, मी गेले तेव्हा सात उरली होती. ओळ खोडलेली, पण वाचता येईल अशी. हा तक्ता वाचायला लागले आणि मला कळलं, की 'किती कॉलेजांत अर्ज करायचा' हा प्रश्न आपण समजतो तसा नशिबाचा नाही, निदान आधी तरी नाही.

कॅलिफोर्नियाच्या नियमांप्रमाणे रजिस्टर्ड नर्सच्या शिक्षणात किमान ५८ युनिट असावी लागतात: ३६ नर्सिंगची, ६ भाषा-संवादाची आणि १६ विज्ञानाची. त्या सोळांत अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायोलॉजी लॅबसह आलीच पाहिजेत; मानसशास्त्र-समाजशास्त्रही त्यातच. इथवर सगळीकडे सारखं. पुढे प्रत्येक कॉलेजची स्वतःची टूम. एकाला संख्याशास्त्र हवं, दुसऱ्याला पोषणशास्त्र, तिसऱ्याला बालपणापासून म्हातारपणापर्यंतच्या वाढीचा कोर्स. स्टेट युनिव्हर्सिटीच्या कॅम्पसना रसायनशास्त्र हवं, शिवाय वक्तृत्व, लेखन, गणित आणि तर्कविचार हे चार कोर्स. मुदतीचंही तसंच. विज्ञानाचे विषय कुठे पाच वर्षांत केलेले चालतात, कुठे सात, कुठे अटच नाही. एखादा विषय दोनदा घेतला असेल तर कुणी चांगला ग्रेड धरतं, कुणी पहिलाच.

त्यात विषयांची साखळी. बऱ्याच ठिकाणी रसायन झाल्याशिवाय फिजिऑलॉजीला बसता येत नाही, कुठे अॅनाटॉमी झाल्याशिवाय. लॅब असलेला कोर्स म्हणजे आठवड्याचे दोन-तीन दिवस गेले. नोंदणीत जुन्या विद्यार्थ्यांना आधी संधी; नवा माणूस पोचेपर्यंत संध्याकाळच्या बॅच भरलेल्या. म्हणजे तक्त्यात एक कॉलेज वाढवायचं तर ७० डॉलर भरून भागत नाही. (स्टेट युनिव्हर्सिटीला दर कॅम्पसमागे तेवढं शुल्क पडतं, कम्युनिटी कॉलेजचं शिक्षण रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर, तेही परवडतं.) एक कॉलेज वाढवायचं म्हणजे एखादा विषय वाढवायचा, आणि एक विषय म्हणजे एक सत्र. तिने ओळी खोडल्या त्या अशा. पहिली गेली वक्तृत्वापायी, दुसरी पोषणापायी. एक कॉलेज आधी नर्सिंग असिस्टंटचं प्रमाणपत्र मागत होतं. एक घरापासून दीड तासावर होतं, आणि वॉर्डातली ड्यूटी पहाटे सुरू होते.

कॉलेजात नर्सिंगची माहितीसभा असते. समुपदेशक बाई मुळात नर्स, आवाजात अजून वॉर्ड. त्यांनी पडद्यावर एकच मोठा आकडा टाकला: ६५,७६६. नर्सिंग महाविद्यालयांच्या राष्ट्रीय संघटनेचा, २०२३ सालचा. पात्र असूनही परत पाठवलेले अर्ज. कारणं नेहमीची: शिकवायला माणसं नाहीत, हॉस्पिटलांत विद्यार्थी घ्यायला जागा नाही, वर्गखोल्या नाहीत, पैसा नाही. शिकवणाऱ्या नर्सला हॉस्पिटलातल्या नर्सहून कमी पगार मिळतो, हे त्या बाईंनी सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी कोरडं हसलं. इस्पितळं नर्स मिळत नाहीत म्हणून ओरडतात, आणि व्हायला निघालेले दाराशी उभे. शिकवायला माणसं मिळेनात याचा भुर्दंड मात्र अर्ज करणाऱ्यानेच भरायचा, सत्रांमागून सत्रं घालवून.

सभा संपल्यावर ती फिलिपिनो मुलगी आमच्याबरोबर पार्किंगपर्यंत आली. तिची आई नर्स, आजी नर्स. "पासष्ट हजार मुलं!" ती म्हणाली. म्हणून ती चौदा ठिकाणी अर्ज करणार होती. तिला कुठेही जाता येतं, आणि तिचे सगळे विषय ताजे आहेत. पण मुलं पासष्ट हजार नव्हती, अर्ज होते. एकाच मुलीने चौदा अर्ज केले, तेरांनी नाही म्हटलं आणि एकाने घेतलं, तर ती वर्गात बसलेली असताना त्या आकड्यात मात्र तिची तेरा वेळा भर पडलेली असते. शिवाय ६५,७६६ मध्ये फक्त पदवीचे आणि त्यावरचे अभ्यासक्रम आहेत. ज्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये आम्ही उभ्या होतो, त्याची दोन वर्षांची असोसिएट डिग्री त्यात धरलेलीच नाही. दोन्हीकडून निघालेली मुलं शेवटी नर्सच्या परवान्याची परीक्षा तीच देतात, एनक्लेक्स. पण ६५,७६६ ऐकून घाबरलेलं मूल आणखी चार अर्ज टाकतं, आणि पुढच्या वर्षीचा आकडा तेवढा फुगतो. मी हे बोलले नाही. एकोणिसाव्या वर्षी मीही चौदाच केले असते.

त्या रात्री मी बहिणीला विचारलं, तू का नाही चौदा करत? तिने फ्रिजवरून तक्ता काढून टेबलावर पसरला. कम्युनिटी कॉलेजांत निवडीच्या तीन तऱ्हा: कुठे गुणांकन, कुठे पात्र असलेल्यांची चिठ्ठी, कुठे नुसती प्रतीक्षायादी. गुणांकनात वजन विज्ञान विषयांतल्या ग्रेडला आणि टीज नावाच्या प्रवेशपरीक्षेला. १७० प्रश्न, २०९ मिनिटं, ६२च्या खाली असाल तर बाहेर. "आता बघ," ती म्हणाली, "ही पाच कॉलेजं गुणांवर घेतात. माझे ग्रेड तेच, टीज तीच. एका ठिकाणी कमी पडले तर पाचही ठिकाणी कमी पडणार. एकाच नमुन्याच्या दहा प्लेट लावल्या म्हणजे दहा पेशंट होत नाहीत, ताई." चिठ्ठीचं कॉलेज हा खरा वेगळा नमुना. स्थानिक रहिवाशांना झुकतं माप देणारा कॅम्पस हा आणखी एक. तिने पाचातली दोन ठेवली, चिठ्ठीचं एक, जवळचा कॅम्पस एक. चार.

मला ते पटलं. तरी चार हा आकडा फार एकाकी वाटला. चाराऐवजी सहा असते तर मला रात्री झोप लागली असती. तिला लागत होती.

गुणांच्या यादीत एक गंमत निघाली. कॅलिफोर्नियाच्या शिक्षणसंहितेत या निवडीसाठी जे निकष दिले आहेत त्यांत आधीची पदवी आहे, कामाचा अनुभव आहे, घरच्या अडचणीही आहेत, आणि इंग्रजीखेरीज दुसरी भाषा येणं आहे. कोणत्या भाषा चालतील त्याची उदाहरणं आहेत: अरबी, चिनी, फारसी, रशियन, स्पॅनिश, टागालोग, खाणाखुणांची अमेरिकन भाषा, आणि भारतीय उपखंडातल्या निरनिराळ्या भाषा. म्हणजे मायक्रोबायोलॉजी गेली ती गेली, मराठी शाबूत आहे. ती कधीच शिळी होत नाही असं दिसतं. "दहावीला त्र्याऐंशी होते मला मराठीत," ती म्हणाली, आणि खरोखरच कपाट उघडून मार्कशीट शोधू लागली. येते म्हणून सांगून भागत नाही, पुरावा लागतो. फिलिपिनो मुलीला टागालोग समजते, बोलता येत नाही. आजीवर चिडली होती ती यावरून.

पदवीलाही गुण आहेत. म्हणजे तिची एम.एस्सी. पदवी म्हणून मोजली जाते, त्यातला विषय मात्र मोजला जात नाही. हे मी समुपदेशक बाईंना जाऊन विचारलं. त्यांनी खांदे उडवले नाहीत, टाळलंही नाही. वॉर्डात चूक झाली तर कॉलेजला विचारतात, असं म्हणाल्या, म्हणून आम्ही जे स्वतः पाहिलं तेच धरतो. मग माझ्या बहिणीची स्लाइड बघा ना, असं ओठावर आलं होतं. नियम माणसाकडे बघत नाही याचा मला राग येतो, आणि माणसांकडे बघून ठरवू लागले की काय होतं हे पुण्यात वाढल्यावर सांगावं लागत नाही.

मग उरली पदवीची कागदपत्रं. ती भारतातल्या विद्यापीठातून सीलबंद मागवायची आणि मूल्यांकन करणाऱ्या संस्थेकडे धाडायची. तिथून अहवाल कॉलेजांना. त्यासाठी ती रात्री साडेदहाला फोन लावून बसली, तिकडे सकाळचे अकरा. टेबलावर अॅनाटॉमीचं पुस्तक उघडं, त्यात मनगटाच्या आठ हाडांची नावं पेन्सिलीने देवनागरीत लिहिलेली. बऱ्याच वेळाने परीक्षा विभागातल्या कुणीतरी उचलला. नाव, आसन क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष. वर्ष ऐकून पलीकडचा माणूस "अरे बापरे" म्हणाला ते मलाही ऐकू आलं. शुल्क सेटमागे आकारतात म्हणाला. किती सेट काढायचे मॅडम?

मूल्यांकनाला लागतो एक. मी एक बोट वर केलं.

"पाच काढा," ती म्हणाली, आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "पुढच्या वर्षी परत करावा लागला तर?"