सध्या काय वाचतां?

दोन आप्त बऱ्याच दिवसांनीं भेटले म्हणजे प्रकृतीची, पावसापाण्याची, मुलांच्या परीक्षांची आणि घरच्या लग्नकार्यांची विचारपूस होते, परंतु "सध्या काय वाचतां?" असें कोणी कोणास विचारीत असल्याचें क्वचितच ऐकूं येतें. गेल्या उन्हाळ्यांत हा प्रश्न मला माझ्या ११ वर्षांच्या नातीनें विचारला, आणि सारा जन्म मास्तरकींत घालविलेल्या ह्या माणसास त्याचें उत्तर देतां आलें नाहीं. प्रस्तुत लेखाचें निमित्त एवढेंच आहे.

आमचें कुटुंब एकत्र असल्यामुळें मे महिन्यांत परगांवचीं मुलेंबाळें घरीं येतात आणि पंगतीस पंधरा-सोळा पानें होतात. रात्रीं जेवणें आटोपलीं कीं मुलें गच्चीवर सतरंजी टाकून बसत. पत्ते किंवा भेंड्या चालत असतील, अशी माझी समजूत. एके रात्रीं पाण्याचा तांब्या आणण्यासाठीं वर गेलों, तों निराळाच प्रकार दृष्टीस पडला. जो तो आपण सध्या वाचीत असलेल्या पुस्तकाविषयीं सांगत होता आणि बाकीचे कान देऊन ऐकत होते. नात हॅरी पॉटरच्या चौथ्या भागांत रमली होती. थोरल्या सूनबाई टोल्किन या इंग्रज लेखकाच्या मुद्रिकेच्या महाकथेचा मराठी अनुवाद वाचीत होत्या. बंधूंचा नातू, वय वर्षें १५, कोणा मांत्रिक बालकाची कथा सांगण्यास नुकताच सरसावला होता. सारीं पुस्तकें अद्भुतरम्य! मीं हंसत म्हटलें, "ह्या भाकडकथांतून जरा खालीं उतरा आणि कांहीं कामाचें वाचा." तेव्हां नातीनें अत्यंत सरळपणें विचारलें, "आजोबा, तुम्ही सध्या काय वाचतां?"

तिच्या स्वरांत उपरोध नव्हता; मंडळांत आलेल्या प्रत्येकास विचारावयाचा तो प्रश्न होता. मीं मनांत शोध घेतला. सकाळचें वर्तमानपत्र आणि विजेच्या बिलामागील सूचना, यांपलीकडे गेल्या कित्येक महिन्यांत मीं कांहीं वाचलें नव्हतें. "बघूं पुढें," असें पुटपुटून मी सतरंजीच्या कडेला बसलों.

नातवानें गोष्ट सुरू केली. अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विन यांची 'ए विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालीं प्रसिद्ध झाली. तींतील जग म्हणजे बेटांचा एक विस्तीर्ण समूह. तेथें प्रत्येक वस्तूस व प्रत्येक प्राण्यास एक खरें नांव असतें, आणि जो तें नांव जाणतो त्याची सत्ता त्या वस्तूवर चालते. शेळ्या राखणारा एक पोर मंत्रविद्येच्या गुरुकुलांत शिकावयास जातो. सहाध्यायावर कडी करण्याच्या भरांत, अधिकार नसतां, मृताच्या आत्म्यास आवाहन करतो. आणि त्या फटींतून एक काळी छाया जगांत शिरते व त्याचा पाठलाग करूं लागते. येथवर सांगून नातू थांबला. "पुढें?" मीं विचारलें. "पुढचें सांगायचें नाहीं, असा आमचा नियम आहे. हवें तर पुस्तक देतों."

त्या रात्रीं मला लवकर झोंप आली नाहीं. शब्द आणि अर्थ यांचा संबंध नित्य आहे, हें व्याकरणशास्त्राचें मत मीं कितीदां घोकलें होतें. पण एका गुराख्याच्या पोराच्या जिवावर बेतलेलें तें मत मीं कधीं पाहिलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं पुस्तक मागून घेतलें, आणि जुन्या मॅट्रिकचें इंग्रजी व शब्दकोश यांच्या आधारें १२ दिवसांत संपविलें. शेवट मीहि येथें सांगत नाहीं.

भरतमुनींनीं नाट्यशास्त्रांत आठ रस सांगितले, त्यांत अद्भुत हा एक असून विस्मय हा त्याचा स्थायीभाव होय. विस्मय मोठा संसर्गजन्य आहे. चकित झालेला मनुष्य एकटा राहूं शकत नाहीं. शेजाऱ्याचा हात धरून "हें पाहा" असें म्हटल्यावांचून त्यास चैन पडत नाहीं. म्हणूनच अद्भुत कथेचा वाचक ती वाचून स्वस्थ बसत नाहीं. ती दुसऱ्याच्या कानीं घातल्यावरच त्याचें वाचन पुरें होतें. हें आजकालचें खूळ नव्हे. आमच्या पैठणाशीं जोडलेली एक प्राचीन कथा याचीच साक्ष देते.

काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यवती हिच्या मनोरंजनार्थ सोमदेवानें अकराव्या शतकांत 'कथासरित्सागर' रचला. १८ लंबक, १२४ तरंग आणि २१ हजारांहून अधिक श्लोक, असा त्याचा विस्तार. ह्या कथा कोठून आल्या, तें त्यानें आरंभींच सांगितलें आहे. प्रतिष्ठान नगरींत, म्हणजे आजच्या पैठणांत, सातवाहन राजाच्या पदरीं गुणाढ्य नांवाचा पंडित होता. राजास व्याकरण किती काळांत शिकवितां येईल, या पैजेंत तो हरला आणि प्रतिज्ञेप्रमाणें संस्कृत, प्राकृत व देशी ह्या तिन्ही भाषा टाकून विंध्यारण्यांत निघून गेला. तेथें पैशाची भाषा शिकून, काणभूतीच्या मुखीं ऐकलेली महाकथा त्यानें सात वर्षें खपून सात लक्ष श्लोकांत लिहिली. अरण्यांत शाई मिळेना म्हणून स्वतःच्या रक्तानें लिहिली. शिष्यांनीं तो ग्रंथ राजाकडे नेला. भाषा पिशाचांची आणि अक्षरें रक्ताचीं, म्हणून राजानें तो तुच्छतेनें परत पाठविला.

तेव्हां गुणाढ्यानें एका टेकडीवर अग्निकुंड पेटविलें, आणि एकेक पान पशुपक्ष्यांस वाचून दाखवून तें अग्नींत टाकण्यास आरंभ केला. हरणें, डुकरें, रेडे, सारे चरणें विसरून, डोळ्यांत आसवें आणून भोंवतीं बसले. इकडे राजाच्या ताटांतील मांस नीरस झालें. चौकशी करतां करतां व्याधांकडून खरा प्रकार समजला. राजा धांवत आला. तोंवर सहा लक्ष श्लोकांची राख झाली होती. एक लक्ष तेवढे उरले. ते कां उरले? नरवाहनदत्ताचें तें चरित्र गुणाढ्याच्या दोघां शिष्यांस आवडत होतें, म्हणून त्यांच्यासाठीं त्यानें तें बाजूस ठेविलें होतें! मूळ बृहत्कथा आज उपलब्ध नाहीं. सोमदेव, क्षेमेंद्र, बुधस्वामी यांच्या ग्रंथांतून तिचें जें रूप दिसतें तेवढेंच आपलें. राजाश्रयानें जें साधलें नाहीं, तें दोन वाचकांच्या आवडीनें साधलें, असें ही कथा सांगते.

ही कथा मीं वर्गांत अनेकदां सांगितली, आणि दर वेळीं राजाच्या अरसिकतेवर चार शब्द ऐकविले. आतां जें लिहावयाचें तें लिहितांना हात अडखळतो. सुमारें ३० वर्षांपूर्वीं आठवीच्या वर्गांत एक मुलगा संस्कृतच्या पुस्तकाआड अरबी गोष्टींचें एक जीर्ण पुस्तक वाचतांना मला सांपडला. मीं तें काढून घेतलें, वर्गासमक्ष त्याची थट्टा केली आणि पुस्तक कपाटांत कुलुपबंद केलें. हा मुलगा रात्रीं वाचलेला भाग मधल्या सुटींत पांच-सहा सोबत्यांस सांगत असे, हें मला ठाऊक होतें. चिंचेखालचा तो घोळका मीं खिडकींतून पाहत असें. दुसऱ्या दिवसापासून तो मोडला. मुलगा दोनदां पुस्तक मागावयास आला. "वर्ष संपल्यावर ने," असें मीं सांगितलें. वर्ष संपण्यापूर्वींच त्याच्या वडिलांची बदली झाली. सेवानिवृत्तीच्या वेळीं कपाट आवरतांना तें पुस्तक हातीं आलें. एका पानाचा कोपरा दुमडलेला होता. जन्मभर मी स्वतःस गुणाढ्याच्या शिष्यांत मोजीत आलों. प्रत्यक्षांत मी सातवाहनाच्या आसनावर बसलों होतों, आणि धांवत जावयाचेंहि मला सुचलें नाहीं.

हें मीं घरांत बोलून दाखविल्यावर सूनबाईंनीं मला टोल्किन यांची हकीकत सांगितली. ऑक्सफर्ड येथील भाषाशास्त्राच्या या अध्यापकाच्या 'हॉबिट' ह्या पुस्तकाचें हस्तलिखित प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनीं आपल्या १० वर्षांच्या मुलास, रेनर यास, वाचावयास दिलें. मुलानें अनुकूल अभिप्राय लिहिला, त्याबद्दल त्यास एक शिलिंग मिळाला, आणि १९३७ सालीं पुस्तक निघालें. पुढील महाकथा लिहावयास बारा-एक वर्षें लागलीं. त्या काळांत सी. एस. लुइस यांच्या मॉडलिन कॉलेजांतील खोलींत गुरुवारीं रात्रीं 'इंकलिंग्ज' नांवाचें मित्रमंडळ जमे आणि जो तो आपलें लिखाण वाचून दाखवी. सर्वांचें एकमत होतें असें मुळींच नाहीं. ह्यूगो डायसन यांस टोल्किन यांचें तें वाचन नकोसें होई, आणि लुइस यांच्या नार्नियाच्या गोष्टी खुद्द टोल्किन यांस रुचल्या नाहींत. तथापि लुइस ऐकत राहिले. आणखी वाचा, असा आग्रह धरीत राहिले. त्यांनीं तसें केलें नसतें तर आपला ग्रंथ पुराच झाला नसता, असें टोल्किन यांनीं पुढें पत्रांतून कबूल केलें. १९५४-५५ सालीं तीन खंडांत तो ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि जगभर गेला.

आतां वडीलधाऱ्यांचे आक्षेप. पहिला असा कीं, अशा वाचनानें अभ्यास बुडतो. बुडतो खरा, परंतु तो लपूनछपून वाचल्यानें बुडतो. ज्यास सायंकाळीं बोलण्याची मोकळीक आहे, त्यास दुपारीं पुस्तक आड धरावें लागत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, ह्या गोष्टी खोट्या असतात. बोलणारा कोल्हा ज्या पंचतंत्रांत आहे तें आपण मुलांच्या हातीं आनंदानें देतों. मग बोलणाऱ्या झाडानें काय अपराध केला? तिसरा असा कीं, हें परकीय आहे. कृष्णशास्त्री चिपळूणकरांसारख्या संस्कृतज्ञ पंडितास अरबी गोष्टी मराठींत आणण्यांत कमीपणा वाटला नाहीं. त्यांचें अपुरें राहिलेलें तें काम विष्णुशास्त्र्यांनीं पुरें केलें. देवकीनंदन खत्री यांची 'चंद्रकांता' १८८८ सालीं हिंदींत निघाली, तेव्हां ती वाचतां यावी म्हणून कित्येकांनीं हिंदी शिकून घेतली, असें त्या भाषेचे इतिहासकार लिहितात. तेथें कथा भाषेस नव्हे, तर भाषा कथेस शरण गेली. एक मर्यादा मात्र मला मान्य आहे: अगदीं लहानग्यांपुढें निजावयाच्या वेळीं भयानक प्रसंग रंगवूं नयेत.

गच्चीवरील मंडळाचे नियम मुलांनींच केले आहेत. ते इतर कुटुंबांसहि उपयोगीं पडतील, म्हणून देतों. प्रत्येकानें थोडक्यांत सांगावें. शेवट फोडूं नये. दुसऱ्याच्या पुस्तकास हंसूं नये, न आवडल्यास कां आवडलें नाहीं तें सांगावें. पुस्तक अर्धवट सोडलें असल्यास तसें मोकळेपणीं म्हणावें. आणि परीक्षेसारखे प्रश्न विचारूं नयेत. हा शेवटचा नियम माझ्याकडे पाहून केला आहे, हें उघड आहे. सहावा नियम मीं सुचविला व तो एकमतानें मान्य झाला: घरांतील वडील माणसांनींहि उत्तर दिलें पाहिजे. तेव्हांपासून आमच्या सौभाग्यवती आपल्या आजीकडून ऐकलेल्या व्रतांच्या कहाण्या सांगूं लागल्या आहेत, आणि सर्वांत अधिक श्रोते त्यांनाच लाभतात. सुटी संपून मुलें परत गेलीं, तरी रविवारीं रात्रीं दूरध्वनीवरून हें मंडळ भरतें.

मी सध्या 'कथासरित्सागर' पुनः पहिल्यापासून वाचीत आहें व दर रविवारीं एकेक कथा सांगत आहें. अरबी गोष्टींचें तें जीर्ण पुस्तक आतां मुलांच्या फळीवर असतें. तें ज्याचें, तो विद्यार्थी आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ असेल. हा अंक त्याच्या घरीं जात असेल, तर त्यास इतकेंच सांगणें आहे कीं, बाबा रे, तुझ्या पुस्तकास मीं नवी बांधणी करविली आहे, आणि दुमडलेलें पान तसेंच ठेविलें आहे. एकदां येऊन घेऊन जा. आणि येशील तेव्हां सध्या काय वाचतोस तेंहि सांग.